पानाच्या फोटोवरून निदान करणाऱ्या ‘प्लांट डॉक्टर’पासून सावध

कुंडीतल्या झाडाचं पिवळं पान दाखवलं की लगेच ‘कमतरता’ सांगायची आणि पाठोपाठ बाटलीची लिंक पाठवायची, असा धंदा करणारे सध्या बरेच झालेत. त्यातल्याच एकाने मला लुबाडलं. पैसे गेलेच, पण झाडाचा अख्खा बहर वाया गेला, त्याचा राग जास्त आहे. त्याची पद्धत मुद्दाम सविस्तर लिहिते आहे.

झाड लिंबाचं. नवी पालवी फिकट पिवळी, तिच्यातल्या शिरा मात्र हिरव्या आणि खालची जुनी पानं ठणठणीत. फोटो पाठवताच उत्तर आलं, ‘मॅग्नेशियम आणि कॅल्शियम कमी पडतंय, आमचं टॉनिक द्या.’ पाणी कुठलं, कुंडीला निचरा आहे का, खत शेवटचं कधी घातलं, यातलं काहीही त्याने विचारलं नाही. कुठलं पान आधी पिवळं पडलं, हेसुद्धा नाही. निदानाची सुरुवात तर तिथूनच होते.

मॅग्नेशियम झाडाच्या आत हलू शकतं. ते कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्या पालवीला देतं, त्यामुळे पिवळेपणा आधी खाली दिसतो. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) यांचंही तसंच. लोह, कॅल्शियम, बोरॉन मात्र एकदा पानात गेले की तिथून सहसा निघत नाहीत, म्हणून त्यांची टंचाई शेंड्याकडे दिसते. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं अगदी पुस्तकी लक्षण आहे. म्हणजे त्याचं उत्तर चूक आहे हे मी पाठवलेल्या फोटोतच दिसत होतं. पण बाटली मॅग्नेशियमची विकायची होती ना!

टॉनिकने काहीच फरक पडला नाही. तेव्हा ‘झाडाची ताकद आधी वाढवायला हवी’ असं सांगून त्याने दुसरी बाटली गळ्यात मारली. ही पालाशची, ‘फुलोरा वाढवणारी’. पहिल्यापेक्षा महाग, अर्थातच. ती दिल्यावर जुन्या पानांची टोकं करपली, मातीवर क्षारांचा पांढरा थर आला आणि थोड्याच दिवसांत खालची पानं शिरांच्या मधल्या भागात पिवळी पडायला लागली. यावर साहेब म्हणाले, ‘विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत, चांगलं लक्षण आहे.’ झाडातून अशी कुठलीही द्रव्यं टोकं करपवत बाहेर पडत नाहीत. मुळांशी क्षार साचले की टोकं जळतात आणि पालाश जास्त झालं की मुळांना मॅग्नेशियम नि कॅल्शियम नीट उचलता येत नाही. आता खरोखरच मॅग्नेशियम कमी पडल्यासारखी पानं दिसायला लागली होती. त्यावर हा म्हणतो काय, ‘बघा, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं!’ आणि पुन्हा पहिल्याच बाटलीची लिंक.

त्या दोन्ही बाटल्या मग मी टीडीएस मीटरने तपासल्या. पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून त्यात किती क्षार विरघळलेत ते हा मीटर दाखवतो. आरओच्या पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात औषध मिसळायचं आणि आकडा बघायचा. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पाण्यात असतील तर तो चढायलाच हवा. पहिल्या बाटलीने जेमतेम हलला, म्हणजे रंगीत पाणीच. दुसरीने एकदम उडी मारली. (ही चाचणी युरियाला चालत नाही. युरिया विरघळला तरी पाण्याची वीजवाहकता वाढवत नाही, त्यामुळे त्यात नत्र भरपूर असूनही मीटर शांत राहतो.) पहिल्या बाटलीच्या लेबलवर कुठल्याही घटकाची टक्केवारी नव्हती, ‘विशेष नैसर्गिक सूत्र’ एवढंच छापलेलं. खताच्या पिशवीवर १९:१९:१९ असे आकडे उगाच नसतात. नत्र, स्फुरद, पालाश किती टक्के ते त्यावरून कळतं. ज्या बाटलीवर आकडाच नाही तिचा डोस कोण कशाच्या आधारावर ठरवणार?

मूळ दुखणं पाण्यात होतं. जड, म्हणजे क्षारयुक्त पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे कुंडीतल्या मातीचा सामू (पीएच) हळूहळू वाढत जातो. तो ७ च्या वर गेला की मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. झाडाला घेता यावं म्हणून लोह ईडीटीए किंवा ईडीडीएचए अशा रसायनांशी बांधून विकतात. अशा मातीत साधं ईडीटीए प्रकारचं लोहही फारसं टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारचं टिकतं. मी आधी भरपूर पाणी ओतून क्षार धुऊन काढले, मग ते लोह दिलं आणि शक्य तेव्हा पावसाचं पाणी घातलं. नवी पालवी हिरवी आली. आधी पिवळी पडलेली पानं पूर्ण सुधारली नाहीत, त्यामुळे गुण आला का ते नेहमी नव्या पानांवरच बघा.

आणि प्रत्येक पिवळं पान उपाशीच असतं असंही नाही. सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळाली नाही तरी पानं नत्र कमी पडल्यासारखी पिवळी पडतात. पानावर बारीक फिकट ठिपके असतील तर पान उलटून बघा, लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड असू शकते. टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडतं ते कॅल्शियम न पोचल्यामुळे, पण बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतंच, पाणी कधी जास्त कधी कमी दिल्याने ते फळापर्यंत जात नाही. फोटो काढायचाच तर दिवसाउजेडी काढा. झाडं वाढवायच्या जांभळ्या दिव्याखाली (ग्रो लाइट) कुठलंही पान आजारीच दिसतं.

शेवटी मी तोच लिंबाचा फोटो आडवा उलटवून दुसऱ्या नंबरवरून त्याच माणसाला पाठवला. या वेळी निदान आलं ‘जस्त आणि बोरॉन’, बाटली तिसरीच.

पैसे परत मागितल्यावर ‘सील उघडलेला माल परत घेत नाही’ असं उत्तर आलं आणि त्याने आपल्या बाजूचे मेसेज पुसायला सुरुवात केली. तुम्ही अशा कुणाकडून काही मागवलं असेल तर वाद घालण्याआधी संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्या, लेबल आणि बॅच नंबरचे फोटो काढा, पैसे दिल्याची पावती जपा आणि बाटलीत थोडं औषध शिल्लक ठेवा. माझी तक्रार त्या शिल्लक औषधामुळेच दाखल करून घेतली गेली. निकाल अजून लागायचा आहे.