घरात रोपं करायचा किट: लाईट झकास, झाकणाचं कौतुक जरा जास्तच

ट्रे, वर पारदर्शक झाकण, स्टँडवाला एलईडी ग्रो लाईट, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) चकत्या आणि बियांची पाकिटं असा सगळा सेट येतो. टोमॅटो, मिरची, झेंडू आणि पिटुनिया लावून बघितलं. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार, आणि त्यातले जवळपास सगळे लाईटला.

लाईट खरंच कामाचा आहे. खिडकीतल्या उजेडावर रोपं करून बघितलेल्यांना माहितीये, लांबच लांब फिकट दांडा, वर दोन पानं आणि सगळं काचेकडे झुकलेलं. इथे दिवा वरखाली करता येतो, रोपं वाढली की उचलायचा, आणि टायमर १६ तासांवर लावला की विसरून जायचं. चोवीस तास चालू ठेवू नका हां, टोमॅटोला रात्रीचा अंधार लागतो. प्रकाश पांढरा आहे हे आणखी बरं, कारण त्या जांभळ्या दिव्यांखाली पान पिवळं पडलंय की हिरवं आहे तेच कळत नाही.

आता झाकण. बी रुजेपर्यंत ओल टिकवायला उत्तम, पण रोप वर आलं की ते काढायलाच हवं, नाहीतर आतल्या दमट हवेत बुरशी धरते आणि काल ताठ उभं असलेलं रोप आज मातीलगत बारीक होऊन आडवं. किटवाल्यांनी अख्ख्या ट्रेला एकच झाकण दिलंय आणि खरी गोची तिथेच आहे. टोमॅटो, झेंडू आठवड्याभरात वर येतात, मिरची मात्र दोन-तीन आठवडे सुद्धा घेते, आणि थंडी असेल तर विचारूच नका, तिला २५ ते ३० डिग्री ऊब लागते. म्हणजे झाकण काढलं तर मिरचीची माती सुकणार आणि ठेवलं तर टोमॅटो कुजणार! दोन अर्धी झाकणं दिली असती तर काय बिघडलं असतं? मी शेवटी मिरचीच्या कप्प्यांवर प्लॅस्टिकची पिशवी ताणून बसवली, काम झालं, पण मग त्या झाकणाचे पैसे कशाला घेता?

चकत्या पाण्यात टाकल्या की मस्त फुगतात, हात खराब होत नाहीत. पण कोकोपीटमध्ये खत म्हणावं असं फारसं काही नसतं, त्यामुळे खरी पानं आली (पहिली दोन धरायची नाहीत, ती बियांतलीच) की पातळ केलेलं द्रवखत द्यावं लागतं. माहितीपत्रकात याबद्दल एक अक्षर नाही. चकतीभोवतीची जाळीही कुंडीत लावताना कापून काढा, लवकर कुजत नाही आणि मुळं आत अडकतात.

पत्रकात अजून एक घोळ म्हणजे सगळ्या बिया "अर्धा इंच खोल पेरा" असं सरसकट लिहिलंय. पिटुनियाचं बी धुळीसारखं असतं आणि त्याला रुजायला उजेड लागतो, अर्धा इंच खाली गेलं तर संपलंच. ते नुसतं ओल्या कोकोपीटवर टाकून बोटाने हलकं दाबायचं. टोमॅटो-मिरचीला पाव इंच पुरतं.

खालचा पाण्याचा ट्रे मात्र आवडला. पाणी खालून द्यायचं, वरची माती ओलसर झाली की उरलेलं ओतून टाकायचं. वरून झारी मारली की नाजूक रोपं लोळतात.

सोबतची बियांची पाकिटं बाजूला ठेवा, एकावरही पॅकिंगची तारीख नाही. गाजर-मुळ्याचं पाकीट तर का दिलंय देव जाणे, त्यांची रोपं करून हलवली की मूळ वाकडंतिकडं होतं, ते थेट कुंडीतच पेरायचं असतं. नुसता लाईट आणि ट्रे वेगळा मिळत असेल तर तेवढंच घ्या, कोकोपीट सुटं आणा.