जुन्या केबलचा सपोर्ट: ठेवायचा, नोटीस द्यायची की काढून टाकायचा?

स्वतःचं छोटंमोठं डीबगिंग (चिपमधला प्रोग्रॅम थांबवून दोष शोधण्याचं) सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. तालुक्याच्या गावातलं वर्कशॉप असो, पॉलिटेक्निकची लॅब असो, की जिनिंगची पॅनल दुरुस्त करणारा एकटा माणूस, कधी ना कधी प्रश्न येतोच: दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या हार्डवेअरचा सपोर्ट अजून किती दिवस वागवायचा?

माझं काम वर्धा-यवतमाळ पट्ट्यातलं. जिनिंगचे कंट्रोलर, पंपाचे ऑटो स्टार्टर, ठिबकचे टायमर. ओपनओसीडी (पीसी आणि चिप यांचं बोलणं जुळवणारं) आणि जीडीबी (प्रोग्रॅम थांबवून तपासणारा डीबगर) यांच्यावर बेतलेलं एक टूल आम्ही चार-पाच वर्कशॉपवाले वापरतो आणि त्याची देखभाल माझ्याकडे आहे. त्यात पॅरलल पोर्टच्या (जुन्या पीसीला प्रिंटर जोडायचा तो) जेटॅग केबलचा, म्हणजे चिपच्या आत डोकावायच्या केबलचा, सपोर्ट होता. ही केबल आपल्याकडे घरोघरी बनलेली: डीबी-२५ कनेक्टर, झिरो पीसीबीवर एक ७४एचसी२४४ बफर चिप, वर हीटश्रिंक. एलपीसी२१४८ ह्या एआरएम७ जातीच्या चिपचे बोर्ड इंजिनिअरिंगच्या प्रत्येक लॅबमध्ये होते, त्या काळातली ती गोष्ट. तिथून शिकून बाहेर पडलेल्या पोरांनी त्याच चिपवर कंट्रोलर बनवून विकले, आणि ते कंट्रोलर अजून चालू आहेत.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. आहे तसं चालू ठेवणं, आधी नोटीस देऊन मग बंद करणं, किंवा सरळ काढून टाकणं. तिन्ही मी करून बघितल्या आहेत.

आहे तसं ठेवणं सगळ्यात सोपं वाटतं. कोणी ओरडत नाही, कोड पडून राहतो. पण डीबगरमधला सपोर्ट म्हणजे कपाटातला जुना पाना नव्हे. खालची लायब्ररी बदलते, कंपायलर बदलतो, ऑपरेटिंग सिस्टिम बदलते, आणि ज्या कोडला महिनोन्‌महिने कोणी खरी केबल लावून चालवलं नाही तो आतून कधी मोडला हे कळत नाही. ६४ बिट विंडोजचंच बघा. पॅरलल पोर्टला थेट हात घालायला आपण जो गिव्हआयओ ड्रायव्हर वापरायचो, तो तिथे चालत नाही. मग यादीत 'पॅरलल पोर्ट: सपोर्ट आहे' असं लिहिलेलं राहतं आणि वाचणारा त्यावर विसंबून गाडी काढतो. डीबगरवर भरवसा नसेल तर दुरुस्ती करणारा माणूस आंधळा होतो. बोर्ड बिघडलाय, केबल बिघडलीय की टूलच, यातलं काही त्याला सांगता येत नाही. म्हणून न तपासलेला सपोर्ट मी तिन्हींत सगळ्यात वाईट मानतो, काढून टाकण्याहूनही.

पण सरळ काढून टाकण्याचा माझा अनुभवही सांगतो, कारण तो मला महागात पडला. एका पावसाळ्यात, काम कमी असताना, मी टूलची साफसफाई केली. पॅरलल पोर्टचा भाग गेली दोन वर्षं कोणी वापरल्याचं दिसत नव्हतं. काढला, नवी आवृत्ती सगळ्यांना दिली, बदलांच्या यादीत एक ओळ टाकली. नोव्हेंबरात रात्री दहाला एका जिनमधून फोन आला. फीडरचा कंट्रोलर अडकला होता आणि आवारात कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. मी पोचलो तेव्हा ऑफिसच्या कोपऱ्यातल्या जुन्या पीसीवर रुईचा बोटभर थर होता. केबल लावली. टूल म्हणालं, 'इंटरफेस सापडला नाही.' एवढंच.

केबल तपासली. ७४एचसी२४४ बदलली. मल्टिमीटरने पंचवीसच्या पंचवीस पिना मोजल्या. फोरमन बाजूला उभा राहून विचारत होता, "भाऊ, मागच्या सीझनला तर चालत होतं, आता काहून नाही चालत?" दोन वाजता लक्षात आलं की त्या पीसीवर मीच दिलेली नवी आवृत्ती होती. जो भाग मी स्वतः काढला, तो नाही म्हणून मी तासन्‌तास केबल दुरुस्त करत बसलो होतो. तीन शब्दांच्या त्या चुकीच्या संदेशाऐवजी 'हा सपोर्ट काढला आहे, शेवटची चालणारी आवृत्ती अमुक' असं आलं असतं तर अर्ध्या तासात फीडर सुरू झाला असता.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. 'दोन वर्षं कोणी वापरलं नाही' हा माझा हिशेबच खोटा होता. जिन दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी थंडावतं. त्यातही कंट्रोलर प्रत्येक सीझनला बिघडत नाही. मी चौकशी केली ती जुलैत. जुलैत जिनवाल्याला केबल कुठे ठेवली हेही आठवत नसतं.

नोटिशीच्या वाटेकडे मी नंतर वळलो. ती माझी अक्कल नाही, मोठ्या प्रकल्पांची जुनी पद्धत आहे. जीडीबी १९८६ पासूनचा. ह्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्यात रीत अशी होती की ज्या प्रोसेसरला कोणी वाली उरला नाही त्याच्या फाइलमधल्या प्रत्येक ओळीआधी 'ऑब्सोलीट' अशी खूण करून ती ओळ निष्क्रिय करायची आणि आवृत्तीच्या बातमीपत्रात जाहीर करायचं: कोणी पुढे आलं नाही तर पुढच्या आवृत्तीत हा भाग कायमचा जाईल. जीसीसी कंपायलरमध्ये आजही असंच आहे. कालबाह्य ठरवलेला प्रोसेसर निवडला तर बिल्ड अडतो, आणि वेगळा पर्याय मुद्दाम दिला तरच पुढे जातो. त्या अडण्यातच निरोप आहे.

नोटिशीचा उपयोग होतो का? इटेनियम या इंटेलच्या प्रोसेसरचं उदाहरण बोलकं आहे. इंटेलने त्या चिपचा पुरवठा २०२१ मध्ये थांबवला. लिनक्स कर्नलने ६.७ मध्ये, म्हणजे जानेवारी २०२४ ला, तो सपोर्ट काढला. जीसीसीने मात्र आवृत्ती १४ मध्ये फक्त 'कालबाह्य' अशी नोंद केली. ती वाचून सांभाळायला माणूस पुढे आला आणि आवृत्ती १५ मध्ये ती नोंद मागे घेतली गेली. नोटीस नसती तर तो माणूस कोणाला सापडला नसता. आणि भावनेचा प्रश्न असेल तर हेही लक्षात घ्या: लिनक्स १९९१ ला इंटेलच्या ज्या ३८६ प्रोसेसरवर जन्मलं, त्या ३८६ चा सपोर्ट २०१३ च्या ३.८ मध्ये काढला गेलाच.

ओपनओसीडीची एक सवय मला फार आवडते. जुन्या नावाचा आदेश दिला तर तो 'हा आता जुना झाला, त्याऐवजी हा वापरा' असं छापतो आणि काम पुढे नेतो. पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर त्यात अजून आहे, पण सोर्सवरून बिल्ड करताना तो आपण मागावा लागतो, आपोआप येत नाही. म्हणजे ज्याला लागतो त्याला मिळतो, बाकीच्यांच्या वाटेत येत नाही.

उलट उदाहरणही आहे. युएसबी-सिरीयल चिप बनवणाऱ्या एका कंपनीने नव्या विंडोज ड्रायव्हरमधून आपल्याच जुन्या चिपचा सपोर्ट काढला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये चिपच्या नावाच्या जागी 'ही बंद झाली, विक्रेत्याशी बोला' एवढा मजकूर दिसतो. सांगितलं तरी, हे मान्य. पण विक्रेता म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीतलं एखादं दुकान. त्याला काय विचारणार? पुढे काय करायचं ते न सांगणारी नोटीस अर्धीच.

आता नोटिशीत लिहायचं काय, हा भाग सगळ्यात जास्त मेहनतीचा. 'नवं घ्या' हे उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही, कारण एकाच केबलची कामं दोन आहेत. नुसतं फर्मवेअर (चिपमधला प्रोग्रॅम) चढवायचं असेल तर एलपीसी२१४८ ला जेटॅगची गरजच नाही. रीसेटच्या वेळी पी०.१४ ही पिन लो धरली की आतला बूटलोडर सिरीयलवरून फर्मवेअर घेतो. त्याला कोणतीही चालू युएसबी-सिरीयल केबल पुरते, फक्त ३.३ व्होल्टची हवी. आमच्यातल्या निम्म्या लोकांचा प्रश्न इथेच मिटला.

पण प्रोग्रॅम चालू असताना थांबवून रजिस्टर (चिपच्या आतल्या नोंदी) बघायचे असतील तर जेटॅग लागतंच, आणि इथे लोक फसतात. शेदोनशेच्या वस्तू घ्याव्यात तसे स्वस्त प्रोब (पीसी आणि चिप यांच्यामधला डीबगचा जोड) मागवतात. रास्पबेरी पाय पिको ह्या छोट्या बोर्डावर डीबग प्रोबचं फर्मवेअर टाकलं की काम होईल असं समजतात. तो प्रोब चांगलाच आहे, पण तो जेटॅग नाही, एसडब्ल्यूडी ही दोन तारांची नवी पद्धत बोलतो. एआरएम७ च्या काळात एसडब्ल्यूडी नव्हतं, ते कॉर्टेक्स ह्या पुढच्या पिढीबरोबर आलं. जुन्या चिपला जेटॅग बोलणारा प्रोब हवा, उदाहरणार्थ एफटी२२३२एच ह्या युएसबी चिपवर बेतलेला. युएसबी-टू-पॅरलल केबलचाही उपयोग नाही. ती प्रिंटरसाठी असते, एकेक पिन हवी तशी हलवू देत नाही. आणि कंट्रोलर बनवणाऱ्याने फ्लॅशमधलं कोड संरक्षण चालू केलं असेल तर जेटॅग बंदच असतं, कितीही महागडा प्रोब लावा. हे सगळं नोटिशीत असलं पाहिजे, नाहीतर माणूस आठवडाभर कुरियरची वाट बघून चुकीची वस्तू हातात घेतो.

मी प्रत्येक हार्डवेअरसाठी एक पान ठेवतो. शेवटची चाचणी कोणी, कोणत्या बोर्डावर, कोणत्या तारखेला घेतली. शेवटची चालणारी आवृत्ती कोणती. केबलची जोडणी, हाताने काढलेली आकृती चालते. त्याऐवजी काय वापरायचं, डीबगला वेगळं आणि फर्मवेअर चढवायला वेगळं. चाचणीची तारीख दोन सीझनपेक्षा जुनी झाली की 'सपोर्ट आहे' हे शब्द मी खोडतो आणि 'तपासलेलं नाही' लिहितो. कोडला हातही न लावता होणारं हे काम आहे. वेळ नसेल तर निदान एवढं करा.

'गिटमध्ये जुनं सगळं असतंच की,' असं कोणी म्हणेल. गिट कोडच्या जुन्या आवृत्त्या जपतं, त्यात सोर्स असतो, खरं आहे. पण दहा वर्षांपूर्वीचा सोर्स आजच्या मशीनवर बिल्ड करून बघा, दिवस जातो. म्हणून काढण्याआधी शेवटची आवृत्ती बिल्ड करून, चालत्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या इमेजसकट पेनड्राइव्हवर घाला आणि केबलच्याच डब्यात ठेवा. गावात नेट कधी असतं, कधी नसतं. रात्रीच्या थ्री फेजवर पंप चालवणारा माणूस तीन जीबी डाउनलोड होईपर्यंत थांबणार नाही.

मुदतीबद्दल माझं मत ठाम आहे. मोठ्या प्रकल्पांत एक आवृत्ती आधी सांगितलं की पुरतं. आपल्याकडे मुदत सीझनने मोजा. नोटीस पोळ्याच्या आसपास लागली पाहिजे, पूर्ण हंगामभर टूल उघडताना दिसली पाहिजे, आणि काढायचं ते उन्हाळ्यात. हंगामाच्या मध्ये काहीही काढू नका, कितीही निरुपयोगी दिसो.

एका परिस्थितीत मात्र ठेवाच म्हणेन: ज्याच्याकडे ते हार्डवेअर आहे तो वर्षातून एकदा स्वतः चाचणी घेऊन कळवायला तयार असेल तर. असा एक माणूस असला तरी पुरे. तो नसेल तर तुमच्याकडे नुसता कोड आहे, सपोर्ट नाही.

त्या रात्रीनंतर मी पॅरलल पोर्टचा भाग परत घातला होता. यंदा पोळ्याच्या आवृत्तीत त्याची रीतसर नोटीस लागली आहे. आतापर्यंत दोघांचे फोन आले. एकाला फक्त फर्मवेअर चढवायचं होतं, त्याचं सिरीयलवर भागलं. दुसरा तोच फोरमन. त्याच्यासाठी एफटी२२३२एच चा बोर्ड मागवला आहे. आला की त्याच्याच कंट्रोलरवर लावून बघू, आणि चालला तर त्या दिवसाची तारीख पानावर टाकेन.