बोटीवरची झुरळं आणि सिरिंजमधलं जेल : तीन हंगामांचा अनुभव

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढे सांगते. आधी बोटीबद्दल, कारण हे जेल घरी वापरणाऱ्यांनी भरपूर लिहिलंय, बोटीवर वापरणाऱ्या कुणाचं मला काही सापडलं नव्हतं.

आमची 'चानी' म्हणजे २६ फुटी, फायबरची, एका डोलकाठीची शिडाची बोट. मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघांनी मिळून जुनी विकत घेतलेली. ऑक्टोबर ते मे ती पणजीसमोर मांडवीत नांगरलेली असते. जून लागायच्या आत नदीकाठच्या यार्डात वर काढून ताडपत्रीखाली ठेवतो. घोळ होतो तो त्या चार महिन्यांत. आत अंधार, दमट हवा, कुणाची ये-जा नाही, आणि शेजारी यार्डाच्या कामगारांची चूल.

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात वरचं झाकण उघडलं आणि वासानंच कळलं. जुन्या वाण्याच्या दुकानात गल्ल्याखाली येतो तसा तेलकट, कुबट वास. रात्री भावानं बॅटरी मारली तर स्टोव्हच्या मागची फळी हलतेय असं वाटलं. करंगळीच्या नखाएवढी, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन गडद उभ्या रेघा. ही जर्मन झुरळं. मोरीतून येणारं मोठं, उडणारं झुरळ वेगळं. ते एकटंदुकटं येतं आणि मरतं. या धाकट्या जातीचं तसं नाही. मादी अंड्यांची पिशवी पिल्लं बाहेर पडेपर्यंत पोटाशी धरून फिरते, एकेका पिशवीत तीस-चाळीस अंडी, आणि उबदार जागी दोनेक महिन्यांत ती पिल्लं स्वतः वीण घालायला तयार.

आम्ही पहिल्यांदा पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलं. नाव लिहीत नाही, माणसं वाईट नव्हती. पण त्यांनी बोट म्हणजे छोटा फ्लॅट समजून सगळीकडे फवारलं. फरशीखाली, गाद्यांच्या कडांना, भांड्यांच्या कप्प्यात. आठ दिवस केबिनमध्ये बसवेना. झुरळं स्टोव्हमागून उठली आणि बॅटरीच्या स्विचबोर्डमागे, वायरींच्या गुंत्यात जाऊन बसली. घरांमध्ये मारतात त्या बहुतेक फवाऱ्यांचा हाच दोष आहे. जी थेट भिजली ती मरतात, बाकीच्यांना त्या औषधाचा वास नको असतो म्हणून ती आणखी आत सरकतात. पिशवीतल्या अंड्यांपर्यंत तर ते पोचतच नाही. तिसऱ्या आठवड्यात तांदळाच्या कणीएवढी पिल्लं ओट्यावर.

मला खरा त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. बोटीच्या तळाला, ज्याला बिल्ज म्हणतात, तिथे थोडं पाणी कायम असतं आणि ते पंपानं बाहेर टाकावं लागतं. फवाऱ्यातलं बरंचसं औषध त्या पाण्यात उतरलं होतं. ही पायरेथ्रॉइड जातीची औषधं माणसाला मानानं सौम्य, पण मासे आणि कोळंबीला अत्यंत घातक. ज्या मांडवीत बायका ओहोटीला तिसऱ्या वेचतात तिथे मी ते पाणी सोडणार नव्हते. पंपाचा स्विच काढून ठेवला आणि दोघांनी डबड्यानं उपसून ते सगळं कॅनमध्ये भरून काठावर आणलं. दोन दिवस गेले.

स्प्रेच्या डब्याबद्दलही इथेच सांगते. बोटीत तो वापरूच नका. डब्यातलं औषध बाहेर ढकलायला बहुधा स्वयंपाकाच्या गॅससारखाच, पेट घेणारा वायू असतो. तो हवेपेक्षा जड. घरात खिडकीतून, दाराखालून निघून जातो, बोट मात्र वाडग्यासारखी असते, तो तळाशी जाऊन साचतो. आणि तळाशीच पंपाची मोटर आणि बॅटरी. एक ठिणगी पुरते.

मग जेल. सिरिंजमध्ये येतं, तपकिरी, गोडसर, घट्ट. मी घेतलं त्यात इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के. सिरिंज साडेतीनशेच्या आसपास मिळाली, शेतीच्या औषधांच्या दुकानात. हे झुरळाला हाकलत नाही, बोलावतं. ते येऊन खातं, सांदीत परत जातं, तिथे मरतं. मग इतर झुरळं त्याची विष्ठा खातात, मेलेलं झुरळही खातात, आणि त्यांच्याही पोटात विष जातं. जिथे आपला हात पोचत नाही तिथे झुरळच औषध नेऊन पोचवतं. बोटीत हात न पोचणाऱ्या जागा किती असतात ते बोट असलेल्यांना सांगायला नको.

लावायची रीत महत्त्वाची. मोठे गोळे नकोत, मुगाएवढे ठिपके, पण जास्त ठिकाणी. मी लावले ते असे : स्टोव्हच्या चौकटीच्या मागे, बर्फपेटीच्या झाकणाच्या बिजागरीत, सिंकच्या पाइपाला भोक पाडलंय त्या कडेला, स्विचबोर्डाच्या मागे, जिन्याच्या खालच्या पायरीच्या आतून. थेट लाकडावर लावलं तर डाग पडतो, म्हणून दुधाच्या पिशवीचे चौकोनी तुकडे कापून त्यावर ठिपका आणि तो तुकडा आत सरकवलेला. माझा सात वर्षांचा भाचा बोटीवर असतो, तेव्हा त्याच्या हाताला लागेल अशा ठिकाणी एकही नाही. जेल लावण्याआधी आधीच्या फवाऱ्याचा वास जाईपर्यंत सगळं साबणाच्या पाण्यानं पुसून काढलं, नाहीतर झुरळं जेलकडे फिरकत नाहीत.

लावायच्या आदल्या रात्री स्टोव्हपाशी बॅटरी मारून मोजली होती, एकेचाळीस. चौथ्या रात्री सतरा, त्यातली बरीच दिवसाउजेडी झिंगल्यासारखी चालत होती. तेराव्या रात्री तीन. मग मला वाटलं संपलं, आणि पाचव्या आठवड्यात पुन्हा बारीक पिल्लं दिसली. ती त्या पिशव्यांमधली. दुसरा हात द्यावाच लागतो. महिन्यानं पुन्हा ठिपके दिले आणि जानेवारीनंतर त्या हंगामात एकही दिसलं नाही.

आता तो अर्धा तारा. मार्च-एप्रिलमध्ये बंद केबिन भट्टीसारखी तापते, आणि जेल पंधरवड्यात वाळून खडा होतं. वाळलेल्याला झुरळ तोंड लावत नाही. वेष्टणावर तीन महिन्यांचा दावा आहे तो घराच्या स्वयंपाकघरापुरता ठीक असेल, उन्हात तापणाऱ्या बोटीला लागू नाही. शिवाय बोटीत उष्टं भांडं पडलं असेल तर झुरळ जेल सोडून त्याकडे जातं. रात्री कणीकसुद्धा उघडी राहता कामा नये. हे जेलच्या माथी मारणं बरोबर नाही, पण विकत घेताना कुणी सांगत नाही.

एक सूचना ज्यांना दोनतीन वर्षं वापरायचंय त्यांच्यासाठी. दर वर्षी तेच जेल नको. काही ठिकाणच्या जर्मन झुरळांना आमिषातल्या ग्लुकोजचाच तिटकारा आल्याचं शास्त्रज्ञांनी १९९३ मध्येच नोंदवलंय. गोड खाणारी मेली, न खाणारी उरली, त्यांची प्रजा वाढली. म्हणून दुसऱ्या हंगामात मी फिप्रोनिल या दुसऱ्या विषाचं, वेगळ्या कंपनीचं जेल आणलं, यंदा पुन्हा पहिलं. आईच्या पद्धतीनं बोरिक पावडर, कणीक आणि साखर मळून केलेल्या गोळ्याही करून पाहिल्या. कोरड्या कप्प्यात चालतात, पण बोटीत कोरडा कप्पा मिळणं कठीण. दमटपणानं त्यांना बुरशी येते.

मुळात झुरळं येतात कुठून, तर बहुतेक वेळा आपणच आणतो. पुठ्ठ्याचं खोकं. त्याच्या नागमोडी पदरांत झुरळं आणि त्यांची पिल्लं आरामात बसतात. आता धक्क्यावरच सगळी खोकी रिकामी करतो, सामान कापडी पिशवीत, पुठ्ठा तिथेच. बटाट्याचं पोतं, केळ्यांचा घड, सगळं आधी उन्हात झटकून.

मुंग्यांसाठी जेल नका वापरू. वासानं त्याच जेल खाऊन टाकतात आणि झुरळांना काही उरत नाही. चोडणच्या बाजूला आम्ही एकदा खारफुटीला दोर बांधून रात्र काढली आणि सकाळी त्या दोरावरून हुमल्यांची रांग थेट शिडाच्या घडीत. हुमले चावतात म्हणजे काय ते कोकणात वाढलेल्याला ठाऊक आहे. घरात ओढतो तो विषाचा खडू बोटीवर दवानं पुसला जातो. उपाय जुनाच, दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची आजी, त्यातला. दोराच्या वीतभर भागाला पेट्रोलियम जेलीचा जाड थर. रांग तिथे येते, थांबते, मागे फिरते. झाडाला मात्र आम्ही परत कधी बांधलं नाही, नांगर टाकतो.

कुंभारणीनं तर आम्हाला खऱ्या संकटात घातलं होतं. ती बारीक कमरेची, मातीची घरं बांधणारी गांधीलमाशी. नोव्हेंबरात आग्वादच्या बाहेर निघालो होतो, वारा पडला म्हणून इंजिन लावलं, आणि नदीच्या मुखाशी, वाळूचा दांडा आहे त्याच्या जवळच, ते धापा टाकून बंद पडलं. भावानं फिल्टर पाहिला, डिझेल पाहिलं. शेवटी टाकीचं झाकण सैल केलं तर फस्स करून हवा आत गेली आणि इंजिन सुरू झालं. टाकीत हवा जायची जी बारीक नळी बोटीच्या कडेला उघडते, ती मातीनं लिंपलेली होती. हवाच जात नव्हती, मग पंप डिझेल ओढणार कसा? चार महिने यार्डात उभ्या असलेल्या बोटीत कुंभारणीला ती नळी म्हणजे तयार घर. माती फोडली तर आत तिची अळी आणि तिच्यासाठी साठवलेले नऊ छोटे कोळी. ही त्यांना मारत नाही, डंखानं लुळं करते, म्हणजे अळीला ताजं खायला मिळतं. आता प्रत्येक नळीच्या तोंडावर स्टीलची बारीक जाळी आहे, आणि पावसाळ्यात वर काढताना तोंडात स्पंजचा बोळा. बोळ्याला लाल फीत बांधतो. ती काढल्याशिवाय बोट पाण्यात जायची नाही.

आणि आता कोळी. हे सगळ्यात शेवटी ठेवलंय कारण याबद्दल माझं मत तीन वर्षांत पूर्ण बदललंय.

कोळ्यांची घाण होते, हे खरं. कठड्याच्या तारांवर, शिडाच्या आडव्या काठीच्या टोकाला रोज सकाळी नवी जाळी, आणि त्यांच्याखाली पांढऱ्या डेकवर काळपट ठिपके. वाळले की घासून निघत नाहीत, शिडावर पडले तर डाग कायमचा. पहिल्या वर्षी मी झाडूनं सगळे काढत होते. दुसऱ्या दिवशी तितकेच. पिल्लं रेशमाचा धागा सोडून वाऱ्यावर तरंगत येतात, त्यांना धक्का लागत नाही की दोर लागत नाही. डार्विन 'बीगल' जहाजावर असताना १८३२ मध्ये किनाऱ्यापासून साठ मैलांवर जहाजाच्या दोरांवर असे हजारो कोळी उतरलेले त्यानं पाहिले होते. आपण मांडवीत, काठापासून दोनशे मीटरवर.

एकदा नांगराच्या साखळीच्या कप्प्यात तळहाताएवढा, चपटा, तपकिरी कोळी दिसला आणि मी झाडू उचलला. शेजारच्या होडीवरचे तांडेलकाका बघत होते. ते म्हणाले, "बाय, तेका मारू नको. झुरळां खाता तो."

ते अगदी बरोबर होते. हा जाळं विणत नाही, रात्री फिरून शिकार करतो, आणि झुरळ हे त्याचं आवडतं खाणं. कोकणात जुन्या घरांच्या भिंतीवर दिसतो तोच. जहाजांच्या मालातून तो जगभरच्या उष्ण बंदरांत पोचलाय. चावला तर दुखतं, पण जिवाला धोका नाही, आणि आपण हात घातल्याशिवाय तो चावत नाही. माणूस कोळी आणि आठ पायांचा कोळी, आपल्या भाषेत दोघांना एकच नाव आहे, आणि एकानं दुसऱ्याची बाजू घेतली याचं मला फार बरं वाटलं.

तेव्हापासून नियम असा. जाळी विणणाऱ्यांना शिडाजवळून हलवायचं, मऊ ब्रशवर घेऊन मागच्या कठड्यावर सोडायचं, ठिपके ओले असतानाच साध्या पाण्यानं धुवायचे. जेल फक्त स्वयंपाकाच्या कोपऱ्यात आणि स्विचबोर्डामागे. साखळीच्या कप्प्यात काहीही औषध नाही, ती जागा त्या मोठ्या कोळ्याची. डोळ्यांना भीती वाटत असेल तर झाकण लावून ठेवा.

जेल परत घेणार का? हो, यंदाची सिरिंज अजून अर्धी शिल्लक आहे, ती कपाटात, थंड जागी ठेवलीय. परवा नांगर उचलायला गेले तर कप्प्यात मादी बसली होती, पोटाखाली रुपयाएवढी पांढरी, चपटी अंड्यांची पिशवी धरून. ती धरलेली असताना ती काही खात नाही म्हणतात. भाच्याला उचलून दाखवली. मग साखळी कडी-कडी करून, अगदी सावकाश वर घेतली.