हिवाळी कंदांचा ३० नगांचा पॅक : बेळगावात घ्यावा का?

दसरा उलटला की ऑनलाइन आणि नर्सऱ्यांतही ‘विंटर बल्ब’ नावाने फुलझाडांच्या कंदांचे मिश्र पॅक दिसायला लागतात. त्यातला ३० कंदांचा पॅक इथे तपासला आहे. ग्लॅडिओलस १०, फ्रीजिया ५, रॅननक्युलस ५, ट्युलिप ४, पेपरव्हाइट नार्सिसस ३ आणि हायसिंथ ३. माल चांगला आहे, सोबतचं सूचनांचं चिटोरं मात्र घात करणारं आहे. बेळगाव-खानापूर भागात यातले २३ कंद नीट लावले तर फुलतात, हायसिंथचे तीन मेहनतीने फुलतात आणि ट्युलिपचे चार जवळजवळ वाया जातात.

आधी माल. कंद कागदी पिशव्यांत, लाकडाच्या भुशात येतात, ते योग्यच. आकार पाकिटावर छापलेला नाही, तेव्हा पिशवी फोडली की दोरा गुंडाळून परीघ मोजावा. हायसिंथ १५ सेंमीच्या पुढे, ग्लॅडिओलस १० ते १२ सेंमी असला म्हणजे काळजी नाही. ग्लॅडिओलसचा चपटा, पसरट गड्डा जुना असतो. उंच, गुबगुबीत गड्डा घ्यावा. वरची साल सुटली तरी चालते. बुडाशी, जिथून मुळं फुटतात तिथे, अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागलं किंवा आंबूस वास आला तर तो कंद टाकून द्या, शेजारच्यांनाही कूज लावतो. कडक कंदावर निळसर बुरशीची पूड असेल तर पुसली की झालं.

आता खरी तक्रार. चिटोऱ्यावर सगळ्या कंदांना एकच सूचना आहे: लावेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. ट्युलिप आणि हायसिंथ यांना हे लागू आहे, कारण त्यांच्या पोटात फूल आधीच तयार असतं, पण आठवडेच्या आठवडे गारवा मिळाल्याशिवाय दांडा लांबत नाही. फ्रीजियाचं नेमकं उलटं. त्याच्या गड्ड्याची झोप मोडायला साधारण ३० अंशांची ऊब १० ते १३ आठवडे लागते. तो फ्रिजमध्ये ठेवला तर कोंब न येता जुन्या गड्ड्याच्या डोक्यावर नवा गड्डा धरतो आणि वर्ष बुडतं. फ्रीजिया लावून जमिनीवर काहीच दिसत नाही तेव्हा लोक पाणी वाढवतात आणि उरलासुरलाही कुजवतात. एकाच पाकिटात हे दोन्ही घालायचे आणि सूचना एकच द्यायची, हे विकणाऱ्याला शोभत नाही. शिवाय सगळं इंग्रजीत. इथे बाग राखणारे बहुतेक माळी मराठी किंवा कन्नड वाचतात, त्यांच्यासाठी दोन ओळी छापायला काय हरकत होती?

दुसरी चूक लागवडीच्या महिन्याची. ‘सप्टेंबर ते नोव्हेंबर’ असं लिहिलंय. सप्टेंबरात आपल्याकडे पाऊस असतो, दिवाळीपर्यंतही अधूनमधून सर येते. तुळशीचं लग्न झालं की लावायला घ्या. डिसेंबर-जानेवारीत रात्री साधारण १३ ते १५ अंश आणि दिवसा २८-३० असतं. महाशिवरात्रीनंतर ऊन तापतं. म्हणजे हाताशी धड तीन महिने. खानापूर-जांबोटीकडे रात्री जास्त गार पडतात, तिथे थोडी मोकळीक आहे. चिक्कोडी-अथणीकडे मात्र ग्लॅडिओलस, फ्रीजिया आणि पेपरव्हाइटवरच थांबलेलं बरं.

ट्युलिपचा हिशोब इथेच फसतो. पॅक ऑक्टोबरच्या मध्याला येतो. फ्रिजमध्ये १२ ते १४ आठवडे धरले की जानेवारीचा मध्य उजाडतो, पुढे फुलायला पाच-सहा आठवडे. कळी नेमकी शिवरात्रीच्या उन्हात सापडते, दांडा वीतभरही होत नाही किंवा कळी पानांतच सुकते. श्रीनगरला २००७ साली खुल्या झालेल्या ट्युलिप बागेत हेच कंद जमिनीतच हिवाळाभर गारठतात आणि वसंतात फुलतात. ती थंडी आपल्या परड्यात आणता येत नाही. आधीच गारठवलेले कंद डिसेंबरात देणारा विक्रेता भेटला तर एखाद्या कुंडीपुरते घ्यावेत. या पाकिटावर कंद गारठवलेले आहेत की नाहीत हेच लिहिलेलं नाही.

हायसिंथला किमान दहा आठवडे गारवा पुरतो, म्हणून तो जमतो. भोकं पाडलेल्या कागदी पिशवीत, कोरडा, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. त्या कप्प्यात केळी, चिकू, पेरू, सफरचंद नको. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते आणि ते बाहेरून कळतही नाही. पिशवीवर ठळक अक्षरात ‘कंद, खायचे नाहीत’ लिहा. नार्सिसस आणि हायसिंथ दोन्ही विषारी आहेत आणि दिसतात कांद्यासारखे. हायसिंथ हाताळताना हातमोजे घाला, सालीने खाज सुटते.

माती आपल्याकडे दोन तऱ्हेची. शहापूर-वडगावची काळी माती पाणी धरून ठेवते, तिच्यात कंद हमखास कुजतात. लाल माती दोन भाग, जाड वाळू एक भाग, कुजलेलं शेणखत एक भाग घ्या. शेणखत अर्धवट कच्चं असेल तर हुमणीच्या अळ्या सोबत येतात आणि गड्डे पोखरतात, तेव्हा चाळूनच घाला. लावण्याआधी कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम घालून कंद अर्धा तास बुडवून सावलीत सुकवा. ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) वापरणार असाल तर हे बुडवणं नको, कारण ते औषध ट्रायकोडर्मालाच मारतं.

ग्लॅडिओलस ८ ते १० सेंमी खोल, १५ सेंमी अंतरावर. दहाही एकदम लावू नका, पंधरवड्याने पाच-पाच लावा. फ्रीजिया ५ सेंमी खोल, टोक वर. पेपरव्हाइटचा माथा मातीच्या थोडा वर ठेवला तरी चालतो. रॅननक्युलसच्या वाळक्या, नख्यांसारख्या मुळ्या (हेच त्याचे कंद) तीन-चार तासच भिजवा, रात्रभर नाही. फुगल्या की नख्या खाली करून ४ सेंमीवर लावा, एकदा पाणी द्या आणि कोंब दिसेपर्यंत माती नुसती ओलसर राहू द्या. त्याला दुपारचं ऊन सोसत नाही, पूर्वेकडची भिंत धरा.

आता कोंब. ग्लॅडिओलसचा जाड, फिकट पात्यात गुंडाळलेला सुळका दोन आठवड्यांत माती फोडतो. फ्रीजियाची पाती चपटी, बारीक, एकाच पातळीत पंख्यासारखी उघडतात. ती इतकी गवतासारखी असतात की निंदताना उपटली जातात, म्हणून काडी रोवून ठेवा. रॅननक्युलसची पानं चिरलेली असतात. पेपरव्हाइटची बोथट पाती जोडीने येतात आणि चार ते सहा आठवड्यांत फुलं. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलात तर ती लोळतात.

हायसिंथचा कोंब रोज वाकून बघावा. आधी घट्ट मिटलेलं हिरवं टोक, मग पानं किंचित विलगतात आणि मधे कळ्यांचा हिरवट दाणेदार घोस दिसतो. घोस वर सरकतोय तोवर ठीक. तो मातीजवळच असताना कळ्यांवर रंग चढायला लागला तर गारवा कमी पडलाय. लगेच जाड कागदाचा शंकू करून कोंबावर टोपीसारखा पाच-सहा दिवस ठेवा आणि कुंडी घरातल्या सर्वांत गार जागी न्या. अंधारात दांडा उजेडाकडे लांबतो. पूर्ण उंची येत नाही, पण फूल पानांत अडकत नाही, आणि तो वास एकदा घरभर भरला की केलेल्या खटपटीचं काही वाटत नाही.

पूर्ण पॅक घेण्यापेक्षा सुटे कंद घ्या, असाच आमचा सल्ला. ग्लॅडिओलस आणि फ्रीजिया जास्त, पेपरव्हाइट थोडे, हायसिंथ हौसेपुरते. हायसिंथ आणि ट्युलिप आपल्याकडे दुसऱ्या वर्षी फुलत नाहीत, फुलं संपली की खतात टाका. फ्रीजियाची पानं मात्र पिवळी पडेपर्यंत कापू नका. मग पाणी तोडा, गड्डे काढून सावलीत सुकवा आणि सुती पिशवीत माळ्यावर ठेवा. त्यांना हवी ती ऊब चैत्र-वैशाख आपसूक देतात. पावसाळ्यात दर पंधरवड्याला पिशवी उघडून हवा द्या आणि मऊ पडलेला गड्डा तेवढा वेचून काढा.