घागरीवर नाव: लेझरने की हाताने?

लग्न किंवा वास्तुशांत ठरली की आमच्याकडे हा प्रश्न निघतोच. बेळगावात दोन्ही सोयी आहेत. मी दोन्ही करून बघितल्यात, तेही एकाच तांब्याच्या घागरीवर: एका अंगाला लेझर, दुसऱ्या अंगाला छिन्नी.

खानापूरकडच्या आमच्या गावच्या देवळाला आजोबांच्या नावाने घागर द्यायची होती. 'कै.' पासून 'स्मरणार्थ'पर्यंत एकच ओळ. आधी लेझरने घातली. चहा पिऊन होईतो काम तयार, शिरोरेषा दोरी लावल्यासारखी सरळ. हाताच्या कामात ही सफाई येत नाही, हे मान्यच.

पण घागर गोल. लेझरचा झोत ठरावीक अंतरावरच नीट बसतो, त्यामुळे ओळ मध्ये ठळक उठली आणि दोन्ही टोकांना, पोट मागे वळतं तिथे, फिकी पडली. (भांडं फिरवायचं यंत्र मिळतं, त्या दुकानात नव्हतं.) त्यात तांबं प्रकाशही परतवतं आणि उष्णताही पसरवतं, म्हणून खाच वरवरचीच. आणि देवळातली घागर म्हणजे रोज चिंच-मीठ. गणपतीत दिलेली, शिमग्याला बघतो तर 'कै.' पुसलेलं आणि पुढचं नाव शाबूत. आजोबा परत जिवंत! आई हसली, आत्या मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

दुसऱ्या बाजूचं काम एका म्हाताऱ्या कारागिराकडे दिलं. मंगळवारी या म्हणाले. तीन मंगळवार गेले. पैसेही जास्त. पण खाच अशी की नख फिरवलं तर अडकतं, आणि कापलेल्या कडेवर उजेड चमकतो. खानापूर तालुक्यातल्या हलशीला सापडलेले कदंब राजांचे ताम्रपट पाचव्या शतकापासूनचे, अजून वाचता येतात. त्यांना कुणी रोज चिंचेने घासलं नाही, हेही खरं.

हाताच्या कामाला नावं ठेवायची तर नीट बघून ठेवावीत. दोन 'र' हुबेहूब नसले तर तो दोष नव्हे. छिन्नी घसरून पडलेला ओरखडा हा दोष. खाचेच्या कडेला राहिलेली आणि फडक्याला अडकणारी धार हाही दोष. पत्रा पातळ असेल तर आतून हात फिरवा, ठोक्यांचे पोचे लागतात. माझ्या घागरीवर ओरखडा नाही, पण जागेचा अंदाज चुकला आणि शेवटची अक्षरं एसटीतल्या गर्दीसारखी दाटली. वर 'स्मरणार्थ'चा रफार 'थ'वर न पडता 'णा'वर पडला.

तक्रार केली तर म्हणाले, "पेन्सिलीनं लिहून दाखवलं तेव्हा तुम्हीच मान हलवलासा की." हलवली होती. पेन्सिलीचं अक्षर मोठ्याने वाचून घ्या, एवढं सांगेन.

स्टीलचे डबे, ताटं असतील तर बिनधास्त लेझर करा. सपाट स्टीलवर ते छान टिकतं, आमच्या डब्यांवर अजून तसंच आहे. तांब्या-पितळेच्या गोल भांड्याला मात्र, घाई नसेल तर, मी छिन्नीवाल्याकडेच जाईन. तुमचं मत वेगळं असू शकतं.

गुरव आता छिन्नीचीच बाजू पुढे ठेवतो. रफार अजून 'णा'वरच आहे. तो काही चिंचेने जात नाही.