हाताने परागीभवन करायचं की मधमाश्यांवर सोडायचं?

वेलीला फुलं भरपूर येतात पण चिमुकलं फळ पिवळं पडून गळतं, मग लोक हाताने पराग लावायला ब्रश घेऊन बसतात. थांबा, आधी फूल कुठलं ते बघा.

भोपळा, काकडी, दुधी यांचं नर फूल वेगळं, मादी वेगळं, बहुतेक एकाच वेलीवर. मादीच्या खाली इवलंसं फळ आधीच दिसतं, नराचा देठ साधा. पराग चिकट आणि जड, वाऱ्याने जात नाही, कोणीतरी उचलून न्यावाच लागतो. सुरुवातीला बऱ्याचदा नुसती नर फुलंच येतात, तेव्हा माशीही काही करू शकत नाही आणि तुम्हीही नाही, वाट बघायची.

बागेत माश्या दिसत असतील तर माझं स्पष्ट मत, त्यांच्यावरच सोडा. त्या एकाच फुलावर परत परत येतात आणि कुक्षीच्या, म्हणजे मादी फुलातल्या पराग झेलणाऱ्या टोकाच्या, सगळ्या भागांवर पराग बसतो. एक बी धरायला एक परागकण लागतो, त्यामुळे पराग कमी पडला की फळ एका बाजूला फुगतं, दुसरीकडे आखडतं, घाईत ब्रश फिरवला की हेच होतं. फक्त फुलोऱ्यात सकाळी कीटकनाशक मारू नका, प्लीज.

माश्याच नसतील तर हाताने करा, पण वेळ सांभाळा. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, दुधीचं उलट, संध्याकाळी उमलतं आणि त्यावर पतंग येतात, म्हणजे दुधीसाठी सकाळी उशिरा ब्रश घेऊन गेलात तर वेळ निघून गेलेली असते. ब्रशपेक्षा ताजं नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्यातले परागाचे पुंकेसर थेट कुक्षीवर हलकेच फिरवणं मला जास्त भरवशाचं वाटतं. आणि काकडीची बिनबियांची जात असेल तर तिला परागीभवन लागतच नाही, ते बियाण्याच्या पाकिटावर बघून घ्या.

टोमॅटोला ब्रशचा फार उपयोग नाही. एकाच फुलात नर-मादी दोन्ही, पण पराग पुंकेसरांच्या नळीत कोंडलेला, तो हादऱ्याने बाहेर पडतो. भुंगा फुलाला धरून गुणगुणतो तेव्हा ते काम होतं, मधमाशीला तसं जमत नाही. वाराही पुरतो, नाहीतर गुच्छाच्या देठाला टिचकी मारा.

व्हॅनिलाचं तर तिच्या मूळ देशाबाहेर, म्हणजे मेक्सिकोबाहेर, हातावाचून चालतच नाही. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर 1841 मध्ये एडमंड आल्बियस या 12 वर्षांच्या गुलाम मुलाने फुलातल्या नर आणि मादी भागांमधला पडदा काडीने उचलून पराग लावायची युक्ती शोधली, आजही तसंच करतात.

पुढच्या वर्षी पेरायला वेलीचं बी राखायचं असेल तर मात्र हातच. माशी शेजारच्या दुसऱ्या जातीचा पराग आणते, यंदाचं फळ तसंच दिसतं पण पुढच्या वर्षी त्या बियांतून भलतंच उगवतं. म्हणून फूल उमलायच्या आधीच (भोपळ्यासाठी आदल्या संध्याकाळी) नर आणि मादी दोन्ही कळ्या बांधून ठेवा, उमलायच्या वेळी पराग लावून मादी परत बांधा आणि देठाला रंगीत दोरा, नाहीतर तेच फळ चुकून कोवळं तोडलं जातं.