वाशीचे सीएचए काका: काम चोख, बिल मात्र नीट वाचा

मी पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात परचेस बघते. तंबाखूच्या कचऱ्यातून निकोटीन काढायचं आमचं काम. ते पुढे सिगारेट सोडवायच्या च्युइंगगमला जातं, हे सांगितलं की लोक हसतात. माल एरवी गुजरातेतून, आणंदकडून येतो. यंदा पहिल्यांदाच झिम्बाब्वेहून एक कंटेनर मागवला आणि सीएचए, म्हणजे आयात माल कस्टम्समधून सोडवून देणारा कस्टम हाउस एजंट, शोधायची वेळ आली. कायद्यात आता कस्टम्स ब्रोकर म्हणतात, पण आमच्याकडे तोंडात सीएचएच बसलंय.

आधी एकाला फोन करून मालाला कस्टम्सचा कुठला कोड लागेल ते विचारलं होतं. "टाकू कशात तरी मॅडम, होऊन जाईल." विषय संपला.

मग वाशी सेक्टर १७ मधले हे काका मिळाले. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट मी गेले तेव्हा तिन्ही वेळा बंद. सप्लायरच्या इन्व्हॉइसवर 'टोबॅको बाय-प्रॉडक्ट' लिहिलेलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ताई, कस्टम्सच्या कोडच्या यादीत तंबाखूचा जो धडा आहे, त्यात बाय-प्रॉडक्ट नावाचं काही नाही. सॅम्पल कुठंय?"

सॅम्पल पर्समध्ये, आणि पिशवी आतल्या आत फुटलेली. जेवढं निघालं तेवढं त्यांनी जुन्या पेपरवर ओतलं. पानांच्या मधल्या जाड शिरा एकीकडे केल्या, काड्यांचे तुकडे दुसरीकडे, खाली उरली बारीक तपकिरी धूळ. ती चिमटीत चोळली, हुंगली, दोन सणसणीत शिंका दिल्या. मग म्हणाले, देठ, शिरा, कातरण, धूळ हे सगळं कोड २४०१ ३० ००, टोबॅको रिफ्यूज, म्हणजे तंबाखूचा कचरा. पण हीच धूळ दाबून तिचे पातळ पत्रे केले असतील तर ती रिकन्स्टिट्यूटेड, २४०३ ९१. अर्क काढून आणला तरी २४०३. आणि नुसतं निकोटीन आणाल तर धडाच बदलला, २९३९. "कारखान्यातून झाडून काढलं म्हणून रिफ्यूज होत नाही. नंतर त्याच्यावर काय केलंय ते बघायचं. सेल्फ असेसमेंट आहे, कोड आपणच ठरवायचा, तो चुकला तर नोटीस तुमच्या नावाने येणार."

त्यांनी सप्लायरकडून प्रोसेसचं पत्र मागवायला लावलं, इन्व्हॉइसवरचं वर्णन बदलून घेतलं. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटची (मालात कीड-रोग नाही याच्या दाखल्याची) प्रत माल चढायच्या आधी मागितली, आणि लाकडी पॅलेटवर हीट ट्रीटमेंटचा शिक्का आहे का, त्याचा फोटोसुद्धा. हा फोटो मला कधीच सुचला नसता.

बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सला द्यायचं आयातीचं घोषणापत्र, जहाज लागायच्या दोन दिवस आधी भरलं. ते भरायला उशीर झाला की दंड पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,०००, त्यामुळे हे महत्त्वाचं. तरी कस्टम्सची क्वेरी आलीच. असेसमेंट फेसलेस, अधिकारी कुठल्या शहरात बसलाय कळत नाही, समजावायचं कुणाला? नमुना लॅबला गेला. प्रोसेसचं पत्र आधीच अपलोड केलेलं होतं म्हणून पुन्हा धावपळ झाली नाही. न्हावाशेव्याला उतरल्यापासून आठव्या दिवशी कंटेनर सीएफएसमधून (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डातून) सुटला.

आता तक्रार. एजन्सी चार्जेस ठरल्याप्रमाणे ७,५००, त्याबद्दल काही म्हणणं नाही. खाली मात्र 'इतर खर्च ४,२००', पावती एकही नाही. विचारलं तर "ते असतंच ताई." असतंच म्हणजे? अकाउंट्सला मी काय दाखवू? चार दिवस फोन केले (दुपारी दीड ते चार उचलतच नाहीत), तेव्हा २,९०० च्या पावत्या आल्या. बाकीचे तोंड वाकडं करून वजा केले. कोटेशन लेखी घ्या, त्यात 'इतर' हा शब्द ठेवू देऊ नका.

पाचपैकी चार. पुढचा कंटेनरही त्यांनाच दिलाय. या वेळी सॅम्पल स्टीलच्या डबीत नेलं, पर्सचा वास अजून गेलेला नाही.